आकाराम हवालदार पाणी मागतो

उंबरवाडीत आकाराम हवालदाराला कुणाच्या घरी पाणी मागावं लागत नसे. तो अंगणात दिसला की आतून भरलेला तांब्या बाहेर यायचाच. पायातली चप्पल निघायच्या आधी तांब्या हातात. खुद्द सरपंचाला चहासाठी ताटकळत ठेवणाऱ्या बायासुद्धा आकारामला पाण्यासाठी थांबवत नसत. आकारामला वाटे, हा आपला मान. उमेदीची सगळी वर्षं पलटणीत काढली, हवालदार होऊन परत आलो, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, तेव्हा गावानं एवढं केलं तर त्यात नवल ते काय. बिचाऱ्याला ते खरंच तसं वाटत होतं.

उंबरवाडी विट्यापासून बरीच आत, सांगली जिल्हा संपत आला की लागते. ओढा ओलांडला की सातारा जिल्हा. गावातला पोरगा मिसरूड फुटेपर्यंत गावात असतो, मग त्याला दोनच वाटा. एक गलाईच्या दुकानाकडं जाते, म्हणजे कुठल्या तरी लांबच्या शहरात सोनं वितळवायला. दुसरी भरतीच्या मैदानाकडं. गलाईवाले दिवाळीला मोठ्या गाड्यांतून येतात आणि गावभर मिरवतात. फौजवाले पेन्शन घेऊन येतात आणि क्लबात बसतात.

क्लब म्हणजे दूध डेअरीच्या मागची पत्र्याची खोली. दारावर ‘माजी सैनिक संघटना’ अशी पाटी आहे, पण ती वाचायची तसदी कुणी घेत नाही. आत एक कॅरम, एक टीव्ही आणि भिंतीला गावच्या गेलेल्या जवानांचे हार घातलेले फोटो. कामाला मात्र तोटा नव्हता. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन, शाळेतल्या पोरांची कवायत, नोव्हेंबरात म्हाताऱ्या पेन्शनरांना गोळा करून हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेणं. आणि महिन्यातून एकदा अमृतच्या जीपमधून फौजी कॅन्टीनची फेरी. या फेरीला अंथरुणावरची माणसंही ठणठणीत होऊन निघत, आणि परतताना पिशवीत साबण-तेलाच्या खाली काय खुळखुळतंय ते घरोघरच्या बायकांना बघायचीही गरज नसे.

अमृत त्यांच्यातला सगळ्यात तरुण. नाईक म्हणून निवृत्त झालेला, पहाटे माळावर भरतीच्या पोरांना पळवणारा, तोंडानं बडबड्या. अध्यक्ष नेमिनाथ चौगुले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. सुभेदार होऊन निवृत्त झालेले, जैन, माणूस कामाला चोख. सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण उरकायचं असे, त्यामुळं क्लबाची बैठक कधी रेंगाळली नाही. गावातल्या इतर संस्थांनीही अध्यक्ष जैनच नेमावा असं अमृत म्हणे.

आकारामकडं एकच काम होतं. त्याचा ठराव कधी झाला नव्हता. ते आपोआप त्याच्याकडं आलं आणि मग दुसऱ्या कुणी ते मागितलं नाही. गावचा एखादा जवान कुठं सरहद्दीवर कामी आला, की पलटणीतून कुणी ओळखीचा आधी अण्णांना फोन करी, आणि घरी जाऊन सांगायला आकाराम निघे.

सांगायची त्याची एक रीत होती. ती त्याला पप्पूच्या आईच्या वेळी सापडली. पप्पू हा त्याच्याच पलटणीतला पोरगा. त्याची बातमी घेऊन आकाराम गेला आणि दारात त्याच्या घशाला कोरड पडली. शब्द फुटेना. म्हणून तो म्हणाला, "वैनी, जरा पाणी दे." ती आत गेली, तेवढ्यात त्यानं स्वतःला सावरलं. ती तांब्या घेऊन आली, समोर टेकली. मग त्यानं म्हैस पिळली का, कडबा पुरेल का, असं काहीबाही विचारलं आणि हळूच सांगितलं, पोरगा जखमी आहे. मेला असं नाही सांगितलं. तिला जरा उसंत मिळाली. तोवर चार बाया जमल्या, आणि मग खरं काय ते बाहेर आलं. आकारामला वाटलं, हे बरं झालं. एकदम धोंडा डोक्यात घालण्यापेक्षा हे बरं. मग त्यानं तीच रीत धरली. साध्या पायजम्यात जायचं, पाणी मागायचं, म्हशीची चौकशी करायची, जखमी आहे म्हणायचं आणि वाट बघायची. क्लबाची माणसं कोट, मेडलं आणि तुऱ्याची हिरवी टोपी घालून त्या घराच्या अंगणात येत ती नंतर, जवानाची शवपेटी आली की, सलामीला.

सुरुवातीला अशा दिवशी त्याला घरी येऊन घास गिळत नसे. पुढं गिळू लागला. आत काही हलेनासं झालं. लोक म्हणत, हवालदाराची छाती दगडाची. छाती दगडाची नव्हती, ती नुसती बधीर झाली होती. पण लोकांनी कौतुक केलं तर नाही कोण म्हणतो.

मग त्याच्या स्वतःच्या घरची पाळी आली. त्याला आता सात वर्षं झाली. दिग्विजय हा त्याचा एकुलता मुलगा, बापाच्याच पलटणीत होता. वर बर्फात गाडी दरीत गेली. फोन आला तेव्हा आकाराम क्लबात कॅरम बघत बसला होता. अण्णांनी फोन ठेवला आणि त्याच्याकडं नुसतं बघितलं. त्यांच्या तोंडावरून आकारामला कळलं. त्याला तिथं कुणी पाणी दिलं नाही की म्हशीबद्दल विचारलं नाही. अण्णा म्हणाले, "अंबूबाईला मी सांगतो. तू बस." तर हा उठला. म्हणाला, "माझं काम हाय, मीच सांगतो."

घरी जाऊन त्यानं अंबूबाईकडं पाणी मागितलं. म्हैस पिळली का म्हणून विचारलं. मग सांगितलं, दिगू जखमी आहे, दवाखान्यात आहे. अंबूबाई रडली नाही. ती लगबगीनं उठली आणि पिठाचा डबा काढला. दवाखान्यात न्यायला तिनं दशम्या करायला घेतल्या. आकाराम चुलीपाशी बसून बघत राहिला. आता सांगू, ही दशमी झाली की सांगू, असं करता करता दशम्यांची बुट्टी भरली. संध्याकाळी गल्लीतनं बाया रडत आल्या, तेव्हा अंबूबाईला कळलं. गावातल्या सगळ्या आयांना ज्यानं बातमी पोचवली, त्यानं आपल्या बायकोला ती सांगितलीच नाही.

त्यावर अंबूबाई एका शब्दानं बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती वेळेवर भाकरी वाढी, औषधाची गोळी हातावर ठेवी, पाहुण्यांत हसे. घराच्या दारात घडवंचीवर भरलेला तांब्या ठेवी. आकाराम बाहेरून आला की पाणी पिऊनच आत येई. दिग्विजयचं नाव दोघांत निघत नसे. आकारामला त्याचंही काही वाटेनासं झालं. सकाळी उठावं, क्लबात जावं, दुपारी जेवावं, परत क्लबात जावं. दिवस जात होते.

यंदा क्लबाचा वर्धापनदिन मोठा करायचं ठरलं. अण्णांनी बैठकीत मांडलं, "जी पोरं आज सीमेवर हायत, त्यांच्या आयांचा सत्कार करू. मेल्यावर आपण समदं करतो. जित्यापणी कोण इचारतं त्या माउल्यांना?" सगळ्यांना पटलं. साड्या आणायचं ठरलं. आवताण द्यायलाही असंतसं जायचं नाही, पूर्ण ड्रेसवर जायचं, कोट, मेडलं, हिरवी टोपी, म्हणजे त्या बायांनाही वाटलं पाहिजे, असं अण्णांनी सांगितलं. अमृत म्हणाला, "फोटू झकास येतील."

आकारामच्या मनात आलं, हे बरोबर होत नाही. हिरवी टोपी आजवर कुणाच्या अंगणात गेली ती एकाच कारणानं. ते त्याच्या ओठांपर्यंत आलं. पण बोलायचं म्हटलं की थोडी तरी उकळी लागते, ती त्याच्यापाशी उरली नव्हती. बाकीचे चहा पीत होते. त्यानंही चहा घेतला आणि बोलायचं राहून गेलं.

पहिलं आवताण तानुबाईला द्यायचं ठरलं. गावाच्या शेवटी, कॅनॉलच्या कडेला तिचं घर. नवरा मागंच वारलेला. मुलगा जोतीराम फौजेत, सध्या वर बर्फातल्या चौकीवर. तिथं फोनला रेंज नाही, आठवड्यातून एकदा खाली आला की आईला फोन करणार. सून बाळंतपणाला माहेरी, कोरेगावला गेलेली. घरात तानुबाई एकटीच. निघायचं होतं सकाळी, पण अमृतची जीप ऐन वेळी रुसली. तिला ढकलण्यात माध्यान्ह झाली. चैताचं ऊन, त्यात लोकरीचे कोट. अण्णा पुढं, मागं अमृत आणि आकाराम, असे तिघं अंगणात शिरले.

तानुबाई बाजेवर कुरडया घालत होती. तिनं मान वर केली. तीन हिरव्या टोप्या बघितल्या. हातातला सोऱ्या तसाच धरून ती उभी राहिली. अण्णा आवताणाची पत्रिका काढायला खिशात हात घालत होते, अमृत मोबाइल काढत होता फोटोसाठी. आणि आकारामला उन्हानं गरगरत होतं. घसा सुकला होता. या अंगणात पाणी पुढं आलं नाही हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तहानलेला माणूस जे म्हणेल तेच तो म्हणाला.

"तानू, तांब्याभर पाणी दे गं."

सोऱ्या खाली पडला. तानुबाई दोन पावलं मागं सरली, उंबरा ओलांडून आत गेली आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

"तानुबाई, आवं, कार्यक्रमाला बोलवायला आलोय," अण्णा म्हणाले.

आतून आवाज आला. रडका नव्हता. अगदी हळू होता. "जावा तुमी. मी दार उघडणार न्हाई. तुमी सांगितलंसा तर त्यो गेला. न्हाई सांगितलंसा तर न्हाई गेला."

आकारामनं पुढं होऊन दारावर हात ठेवला. "तानू, जोतीराम खुशाल हाय. मला नुसती तहान लागली हुती."

"आबा, पप्पूच्या आईकडं बी तुमाला तहानच लागली हुती."

ही रीत फक्त आपल्याला माहीत आहे, असं आकाराम समजत होता. बायांनी ती केव्हाच ओळखली होती. त्याला एकदम ते सगळे तांबे आठवले, चप्पल काढायच्या आधी हातात येणारे. कुणी मानानं दिलेले नव्हते. या माणसानं आपल्या दारात पाणी मागू नये, म्हणून बाया ते आधीच पुढं करत होत्या. त्याला याची लाज वाटायला हवी होती. पण लाजही लगेच येईना, नुसतं कान तापल्यासारखं झालं.

"शपथ घेतो, तानू," तो म्हणाला. "म्हशीची आण..." आणि म्हैस हा शब्द तोंडातून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

अण्णांनी तिच्या मोबाइलवर फोन लावला. आत फोन वाजत राहिला. अमृतनं कोरेगावला सुनेला फोन लावून तिला सगळं सांगितलं, आणि सुनेनंही सासूला फोन केला. तोही नुसता वाजला. जो कुणी फोन करील तो तेच सांगेल, अशी तानुबाईची खात्री होती. अण्णांनी जोतीरामच्या पलटणीत ओळख काढून फोन लावला. तिकडून सांगितलं, पोरगा चौकीवर खुशाल आहे, आज उतरतोय, संध्याकाळी फोन करेल. अण्णांनी ते दाराला तोंड लावून मोठ्यानं सांगितलं. आतून इतकंच आलं, "असंच म्हणत्यात."

तोवर व्हायचं ते झालं. कॅनॉलवर धुणं धुणाऱ्या कुणी तरी तीन टोप्या बघितल्या होत्या, दार लागलेलं बघितलं होतं. गावात बातमी गेली, तानुबाईचा जोतीराम गेला. बाया पदर तोंडाला लावून निघाल्या. वाटेनं गळा काढून रडत आल्या. अमृत त्यांना अडवायला धावला, तर त्याला बघून त्या आणखीच रडायला लागल्या, कारण त्याच्या डोक्यावर टोपी होतीच. आणि ते रडणं दाराआड तानुबाईला ऐकू जात होतं. आत काही तरी पडल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज येईना.

आकाराम दारापाशी उभा होता. गल्लीतनं येणारं हे रडणं त्यानं आधी ऐकलं होतं, चुलीपाशी बसून. तेव्हा तो गप्प बसला होता. आता त्याला इतकंच कळत होतं, की आत एक बाई जित्या पोराला मेला समजून बसली आहे, तिचं काही बरंवाईट झालं तर ते आपल्या तोंडामुळं होईल, आणि आपण खरं सांगूनही त्या तोंडावर कुणाचा विश्वास नाही.

त्यानं मागं वळून कवायतीच्या मैदानावरचा आवाज काढला. "गप बसा समदी. कोण मेलेलं न्हाई." बाया गप झाल्या, पण घटकाभरच. त्यांचाही विश्वास नव्हता. एक म्हातारी पुटपुटली, "असंच म्हणतोय त्यो आधी."

अण्णा म्हणाले, दार फोडू या. अमृत पहार शोधायला गेला. आणि बायांच्या मागून अंबूबाई आली. ती रडत नव्हती. गर्दीतून वाट काढत ती सरळ नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"कोण गेलं?"

"कोण न्हाई."

"माझ्याकडं बघून सांगा."

आकारामनं बघितलं. किती वर्षांत त्यानं तिच्याकडं असं बघितलं नव्हतं. ती म्हातारी झाली होती. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, पण ते आज दिसलं.

"अंबू, जोतीराम जिता हाय," तो म्हणाला. "कार्यक्रमाचं आवताण घेऊन आलो हुतो. ऊन लय हुतं. मला पाणी पायजे हुतं, दुसरं काय न्हाई."

बाजारात मोठी नोट उजेडाला धरून बघावी तसं तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग मान हलवली, दारापाशी गेली आणि उंबऱ्याला टेकून खाली बसली.

"तानू, मी अंबू हाय. आईकतीस न्हवं?"

अंबूबाईनं दाराला कान लावला.

"मला लय बोलता येत न्हाई. दिगू गेला त्या दिशी यांनी मला पाणी मागितलं. म्हस पिळली का म्हणून इचारलं. मग म्हणालं, जखमी हाय. म्या दशम्या केल्या, दुधातल्या, मऊ. पोराचा जबडा दुखत आसंल, चावायला सोपं जावं म्हणून. हे बसून बघत हुतं. बाया रडत आल्या तवा मला कळलं. मी पिठाच्या हातानंच दारात आले. सगळ्या गावाला ठावं हुतं, आन् मी एकटी दशम्या करत हुते."

आकारामला तिथून निघून जावंसं वाटलं. पण तो तिथंच ऐकत राहिला.

"तवापासनं मी दारात तांब्या भरून ठेवती," अंबूबाई म्हणाली. "यांनी परत मला पाणी मागू नये म्हणून. गावातली परतेक बाई ठेवती, तू बी ठेवतीस. आज तुझं ध्यान कुरडयांत हुतं, एवढंच झालं. यांच्यावर इस्वास ठेव, आसं म्या तरी कसं सांगू? पर यांचं तोंड मला ठावं हाय. त्या दिशी हे चुलीकडं बघून बोललं. आज माझ्याकडं बघून बोललं. मी सांगती तुला, तुझं पोरगं हाय. उघड."

मग आत पावलं वाजली, कडी निघाली. तानुबाई दारात उभी राहिली. कुरडयांचा चीक हातांवर वाळून पांढरा झाला होता. कपाळाला टेंगूळ आलं होतं, आत कुठं तरी ती चक्कर येऊन पडली होती. अंबूबाईनं तिला धरून उंबऱ्यावर बसवलं. ती बायांकडं, अण्णांकडं, अमृतच्या हातातल्या पहारीकडं बघत राहिली. शेवटी तिची नजर आकारामवर थांबली.

"आबा," ती म्हणाली, "उद्या खरंच तसं झालं, तर आसं पाणी मागू नगा. हितं उंबऱ्यात उभं ऱ्हावा आन् सांगा. मी आईकीन. सांगशिला?"

"सांगीन," आकाराम म्हणाला.

"पैल्यांदा मला सांगा. मग गावाला."

"व्हय. पैल्यांदा तुला."

अण्णांनी टोपी काढून हातात घेतली. पत्रिका त्यांच्या खिशातच राहिली. सत्काराचा कार्यक्रम पुढं क्लबानं रद्द केला नाही, पण आवताण द्यायला साध्या कपड्यांत, बायकोला बरोबर घेऊन जायचं, असं ठरलं. जोतीरामचा फोन संध्याकाळी आला आणि आईनं त्याला काहीएक कारण नसताना मनसोक्त शिव्या घातल्या. त्याला काहीच उलगडा होईना. सुनेनं नंतर त्याला सांगितलं म्हणतात.

पण ते संध्याकाळचं झालं. दुपारी गर्दी पांगली. अमृत जीपमधून सोडतो म्हणाला, तर अंबूबाईनं मान हलवली आणि ती कॅनॉलच्या कडेनं चालू लागली. आकाराम मागून निघाला. कोट काढायचं त्याच्या ध्यानात नव्हतं. छातीवरची मेडलं चालताना एकमेकांवर आपटून वाजत होती.

तो तानुबाईनं काय सांगितलं त्याचा विचार करत होता. उंबऱ्यात उभं राहून सांगा, मी ऐकीन. इतकं सोपं. त्यानं आजवर प्रत्येक आईला उसंत दिली असं म्हणत आपणच उसंत घेतली होती. सांगायचं काम त्यानं केलंच नव्हतं. ते प्रत्येक वेळी रडत येणाऱ्या बायांनी केलं होतं. हे कळलं आणि त्याच्या छातीत कुठं तरी दुखल्यासारखं झालं. आधी त्याला वाटलं, उन्हानं असेल.

"अंबू," त्यानं हाक मारली.

ती थांबली. वळून बघितलं.

तो तिच्यापाशी आला. पाय जुळवून सरळ उभा राहिला, वरिष्ठासमोर राहावं तसा. तिच्याकडं बघून म्हणाला, "अंबू, आपला दिगू गेला."

तिनं पदराचं टोक मुठीत धरलं.

"जखमी न्हवता. म्या घरी आलो तवाच गेलेला हुता. मला ठावं हुतं. दशम्या करायच्या आदीच ठावं हुतं."

अंबूबाईच्या तोंडावर काही तरी सरकलं. तिनं आधाराला हात पुढं केला. आकारामनं तो धरला, आणि ती त्याच्या हाताला धरून हळूहळू खाली, कॅनॉलच्या कडेच्या मातीत बसली. मग ती रडायला लागली. सात वर्षांपूर्वी गावासमोर रडली होती तशी नाही. बातमी आत्ताच आली आहे आणि घरच्याच माणसानं आणली आहे, तशी रडली.

आकाराम तिच्या शेजारी बसला. पोरगा मेला याचं दुःख त्याला आज पहिल्यांदा झालं. ते इतकं जोरात आलं, की त्याच्या तोंडातून आवाज फुटेना, नुसतं तोंड उघडं राहिलं. अंबूबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"रडा," ती म्हणाली. "हितं कोण न्हाई."